दोन नंबरांची दुनळी

आमच्याकडं ‘दोन नंबर’ हा शब्द चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. दोन नंबरचा धंदा, दोन नंबरचा पैसा, दोन नंबरची वाळू. वरून एक आणि आतून एक, असा त्याचा अर्थ. मी इथं ज्या दोन नंबरांबद्दल लिहितोय ते मात्र लोखंडात ठोकलेले खरेखुरे आकडे आहेत. एकाच दुनळी बंदुकीच्या अंगावर, दोन ठिकाणी, दोन वेगवेगळे. नंबर जुळत नाहीत म्हणून ती बंदूक खोटी ठरते का? आणि खोटी ठरत नसेल, तर विकताना त्याबद्दल गप्प बसलं तर काय बिघडलं? आमच्या भावकीतल्या एका घरापुढं हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यात पैसे होते, सासऱ्याचं नाव होतं आणि एका तिऱ्हाईत माणसाचे हात-डोळेही होते.

राधानगरी-भुदरगडच्या डोंगराकडच्या गावांत बंदूक ही मिरवायची वस्तू नव्हती. भात पोटरीत आलं, ऊस कांड्यावर आला की रानडुकरांचे कळप उतरायचे. जंगलाच्या अंगाला गवे यायचे. माळ्यावर बसून रात्र काढायची, डबे बडवायचे, आणि फारच झालं तर हवेत एक बार काढायचा. त्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली, डुकराला हात लावायचा तरी वनखात्याचा कागद लागतो. पण बंदुका घरांतून गेल्या नाहीत. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची, झेंडूचं फूल वाहायचं, आणि कोपऱ्यातल्या पोरांना दटावून सांगितलं जायचं, “हात लावशील तर बघ.”

या बंदुकांपैकी काही स्वातंत्र्यानंतरच्या, इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या किंवा बिहारातल्या मुंगेरच्या. पण मान असायचा तो जुन्या विलायती दुनळीला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडातलं बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधलं लिएज ही दोन गावं अशा बंदुकांसाठी प्रसिद्ध होती. तिथल्या बंदुका बोटीनं आपल्याकडं उतरायच्या आणि हाताबदल होत होत एखाद्या डोंगरातल्या घरात येऊन थांबायच्या. शंभर वर्षांत चार घरं आणि सहा सुतार-लोहार बघितलेली बंदूक. तरी ज्याच्या घरात ती असे तो छातीवर हात ठेवून सांगे, “आमच्या थोरल्या आबांची हाय. जशीच्या तशी.”

‘जशीच्या तशी’ या शब्दावर कोल्हापुरातले एक मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसायचे. परवाना असलेल्या एका बंदूकविक्रीच्या दुकानात ते दुरुस्तीचं काम करायचे. गावातल्या लोकांचे अर्ज, नूतनीकरणाचे कागद लिहून द्यायचं काम माझ्याकडं मास्तर म्हणून आपोआप आलेलं, त्यामुळं त्या दुकानात माझं जाणं-येणं असे. साहेबाची सही होईपर्यंत वेळ काढायचा तो त्यांच्या शेजारच्या स्टुलावर. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण बंदुकीवरचा प्रत्येक ठसा त्यांना चेहऱ्यासारखा ओळखू यायचा.

गिऱ्हाईक बंदूक पुढं करताना खटक्याच्या पाटीवर कोरलेलं कंपनीचं नाव दाखवायचं. मिस्त्री तिकडं बघायचेच नाहीत. “नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, मास्तर. नाव म्हंजे अंगावरची कापडं. आधी हाडं बघायची.”

हाडं म्हणजे नंबर. चांगल्या कारखान्यात बंदूक हातानं जुळवत. एकीचा भाग दुसरीला बसत नसे, म्हणून प्रत्येक भागावर त्याच बंदुकीचा नंबर ठोकत. नळ्या सोडवून उलट्या केल्या की बुडाखालच्या सपाट जागेवर एक नंबर दिसतो. नळ्या ज्या सांगाड्यात अडकतात, त्या ॲक्शनवर दुसरा. पुढच्या लाकडाच्या आतल्या लोखंडावर तिसरा. चापाभोवतीच्या कडीची शेपटी दस्त्यावर मागं जाते, तिच्यावर चौथा. चारही एक असले तर ती चार भावंडं एका आईची. एखादा वेगळा निघाला की मिस्त्री म्हणायचे, “ह्यो पावणा हाय. कुठनं आला इचारायला पायजे.”

मग परीक्षेचे ठसे. इंग्लंडात बंदूक विकायच्या आधी तिच्यात जादा दारू भरून ती उडवून बघत आणि टिकली तर ठसा मारत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ ची सनद आहे, आणि बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्यानं सुरू झालं. बर्मिंगहॅमचा जुना ठसा म्हणजे एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड आणि वर मुकुट. लिएजचा म्हणजे लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरं. नाव विलायती थाटाचं, वळणदार कोरलेलं, आणि नळ्यांखाली मात्र लंबगोल, अशा किती तरी बंदुका मिस्त्रींच्या हातून गेल्या. वेस्टली रिचर्ड्‌स हे बर्मिंगहॅमचं मोठं नाव, म्हणून ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ असं कोरलेल्या बेल्जियन बंदुका जगभर खपल्या. बेल्जियमची बंदूक वाईट असते असं नाही. फक्त ती बेल्जियमची असते.

आणखी खुणा. घोड्यांची जोडी समोरासमोर धरली तर एक दुसऱ्याचं आरशातलं रूप दिसलं पाहिजे. एकावरची वेलबुट्टी बारीक आणि दुसऱ्यावरची ढोबळ असली, तर एक घोडा नंतरचा. चांगल्या इंग्लिश बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा सगळ्या एका दिशेला उभ्या असतात. एखादी तिरकी आणि कुरतडलेली दिसली, तर कुणीतरी घाईनं आत हात घातलेला असतो. दस्त्याचं लाकूड लोखंडाला केसभर उंच भेटतं. ते लोखंडापेक्षा खाली गेलेलं असेल तर कुणीतरी घासून नवं केलंय. नळ्यांची दोन तोंडं एकमेकांना टेकलेली नसून मधल्या फटीत कथील भरलेलं असेल, तर नळी कापून आखूड केलीय. नळ्या बोटावर लटकवून नखानं टिचकी मारली की घंटेसारखा नाद यायला हवा. भांडं फुटल्यासारखा बद्द आवाज आला तर मधल्या पट्टीचा सांधा सुटलाय.

बारा बोअर म्हणजे काय हेही मला त्यांच्याचमुळं कळलं. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड, म्हणून बारा. आकडा वाढला की नळी बारीक होते. जुन्या कितीतरी बारा बोअरच्या बंदुकांवर १३ चा ठसा असतो. परीक्षेच्या वेळी आतली नळी तेवढी होती, म्हणजे १८ मिलिमीटर. आता मोजली आणि साडेअठराच्या वर भरली तर मधल्या काळात आतून घासून गंज काढलाय आणि नळीची भिंत पातळ झालीय. वरून बंदूक लखलखीत. ठसा मात्र सांगतो, मी ज्या नळीची साक्ष दिली ती ही नव्हे.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, मिस्त्री म्हणजे दोष काढणारा माणूस. तसं नव्हतं. बदललेल्या भागाचा त्यांना राग नव्हता. बंदूक पडून दस्ता फुटला, इंग्लंडाहून अक्रोडाचं लाकूड कोण आणणार? गावच्या सुतारानं शिसवी दस्ता घडवला. त्यावर ते हात फिरवून म्हणायचे, “कारागीर हुता गडी.” फार जुन्या बंदुकांत काडतुसाच्या कुशीतून एक खिळा वर येई, घोडा त्या खिळ्यावर पडे. पुढं मध्यभागी टिकली असलेली काडतुसं आली, तेव्हा लोकांनी त्या बंदुका बदलून घेतल्या. नळीच्या काठाला खिळ्यासाठी पाडलेली खाच धातूनं बुजवलेली असते. ती बुजवलेली खाच दिसते, आणि दिसते म्हणूनच त्यात फसवणूक नाही. इंग्लंडात तर नळ्या पार खराब झाल्या की बुडाचा तीन-चार इंचाचा भाग ठेवून पुढं नव्या नळ्या बसवतात. नीट पाहिलं तर तिथं बारीक गोल रेघ दिसते. तिथला नियम हे काम करू नका म्हणत नाही. तो म्हणतो, पुन्हा परीक्षा द्या आणि नळीवर ‘स्लीव्ह्ड’ असा शब्द ठोका. जोड द्या, पण सांगा.

आपला १९५९ चा शस्त्र कायदाही एका जागी याच वळणानं जातो. बंदुकीवरचा नंबर किंवा नाव घासणं, बदलणं, खोटं मारणं हा गुन्हा आहे. आणि असा बिघडवलेला नंबर ज्याच्या बंदुकीवर सापडेल त्यानंच तो बिघडवला, असं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. नळी आखूड करायलाही परवाना लागतो. पिढीजात वस्तूबरोबर पिढीजात लबाडीही आपल्या नावावर चढते ती अशी.

मिस्त्रींना चीड होती ती जुळवलेल्या खोट्याची. पावण्या नळीवरचा नंबर घासून त्या जागी घरचा नंबर ठोकणारे लोक असतात. घासलेली जागा किंचित खोलगट होते, नव्या आकड्यांचं वळण जुन्याशी जुळत नाही. मिस्त्री ती जागा अंगठ्यानं चाचपायचे आणि बंदूक खाली ठेवायचे. “चार नंबर येगळं असतील तर चार खऱ्या गोष्टी हायत्या. एक केलेला नंबर म्हंजे एक खोटी गोष्ट.”

आता ती आमच्या भावकीतली बंदूक.

माझे एक चुलतभाऊ वारले. बंदूक त्यांच्या वडिलांपासूनची. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून ती त्याच दुकानात जमा केलेली. वहिनींना परवाना नको होता. घराचं छप्पर उतरायचं होतं, पावसाळ्याच्या आत कौलं नि वासे बदलायचे होते, आणि बंदूक विकून ते होईल असा हिशेब होता. शेजारच्या गावातला एक तरुण शेतकरी, परवाना असलेला, घ्यायला तयार झाला. पाटीवर बर्मिंगहॅमच्या बंदूककाराचं नाव होतं, त्या नावावरच त्यानं चांगली किंमत बोलली होती.

कागदांसाठी मी, वहिनी आणि त्यांचा थोरला मुलगा दुकानात गेलो. मिस्त्रींनी बंदूक उघडली. ॲक्शनचा आणि चापाच्या कडीचा नंबर एक. परवान्यावरही तोच. नळ्यांचा आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडाचा नंबर दुसरा. नळ्यांखाली लिएजचा लंबगोल, आणि बर्मिंगहॅमचा एकही ठसा नाही. डावा घोडा परका. दस्ता इथला, शिसवी. मिस्त्रींनी दिव्याची काजळी नळ्यांच्या बुडाला लावली, बंदूक मिटली, पुन्हा उघडली. नीट बसलेली नळी समोरच्या लोखंडावर सगळीकडं सारखी काळी उमटते. इथं खालच्या कडेला तेवढी रेघ उमटली. वर कोरंच. मग बंदूक मिटून त्यांनी खिडकीकडं धरली आणि मला बघायला सांगितलं. फटीतून उजेड दिसत होता.

त्यात नळ्या दमास्कसच्या. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या. त्यांच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. दिसायला फार देखण्या. पण या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. बिनधुराच्या दारूची परीक्षा दिलेल्या बेल्जियन नळीवर सिंह आणि पी, व्ही ही अक्षरं असतात. ती नव्हती. आणि आज दुकानात मिळणारं काडतूस बिनधुराच्याच दारूचं.

“ठेवायला झ्याक हाय,” मिस्त्री म्हणाले. “उडवायला न्हाई.”

परतीच्या एस. टी. त कुणी बोललं नाही. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “काका, त्यानं इचारलंय का नंबर? न इचारता आपण कशाला सांगायचं? बघून घेणार तो. आपण कुठं खोटं बोलतोय?”

त्याला उडवून लावण्यासारखा हा प्रश्न नव्हता. बाजारात आपण रोज असंच वागतो. बैल विकणारा त्याची खोड सांगत नाही, घेणारा दात मोजतो. ज्यानं त्यानं बघून घ्यावं, हा बाजाराचा धर्म म्हणून आपण मानलाय. पण बघून घ्यायला डोळे सारखे पाहिजेत. बैलाच्या बाजारात दोघंही शेतकरी असतात. इथं घेणारा पाटीवरचं नाव वाचणार होता, आणि नळ्यांखालचा लंबगोल आता आम्हाला माहीत झाला होता. कळायच्या आधी गप्प असणं वेगळं आणि कळल्यावर गप्प असणं वेगळं. आधीच्या गप्पपणात काही नसतं. नंतरच्या गप्पपणात समोरच्याचा डोळा असतो, त्याची बोटं असतात. नळी फाटते ती बहुधा काडतुसापाशी किंवा थोडी पुढं, जिथं डावा हात असतो.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांचं दुःख निराळंच होतं. “म्हंजे आबांची बंदूक आबांची न्हवतीच म्हणा की.” त्यांनी त्या बंदुकीच्या गोष्टी आयुष्यभर सांगितल्या होत्या. त्यांना वाटलं, गोष्टीच खोट्या ठरल्या.

मला तेव्हा मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आठवला. नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यातलं एकही रथ नाही. हे सगळं मिळून जे होतं, त्याला आपण रथ म्हणतो. वडीलधाऱ्यांना मी तेच माझ्या भाषेत सांगितलं. आपल्या वाड्याचे खांब तीनदा बदलले, तो कुणाचा? देवळाचा जीर्णोद्धार झाला, तुळया नव्या आल्या, देव तोच की दुसरा? आबांनी त्या बंदुकीनं वीस-पंचवीस वर्षं पीक राखलं, ते काही नंबरानं पुसलं जात नाही. त्यांना ते पटलं.

पण बोलता बोलता मलाच जाणवलं, की नागसेनांचं उत्तर इथं अर्धंच पुरतं. नावापुरतं ते बरोबर आहे. आठवणीपुरतं बरोबर आहे. भार सोसायच्या वेळी मात्र वस्तू ‘सगळं मिळून’ सोसत नाही. रथ मोडतो तो एकाच आसापाशी. बार उडतो तेव्हा बर्मिंगहॅमचं नाव दाब घेत नाही, ती एक पातळ नळी घेते. म्हणून ‘ही तीच बंदूक का’ या प्रश्नाला प्रेमानं उत्तर दिलं तर चालतं, ‘ही उडवू का’ या प्रश्नाला नाही. आपण घोळ करतो तो पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देऊन. “आबांची हाय, काय हुतंय!” असं म्हणून.

वहिनी इतका वेळ चुलीपाशी होत्या. बोलणं त्यांच्याच पैशांचं चाललं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या तिथूनच म्हणाल्या, “भावजी, सांगून टाका त्याला. मी तरी कुठं ह्या घरच्या नंबराची हाय? परघरचीच की. पर मला कुणी लपवून न्हाई आणलं. वाजतगाजत आणलं, चार मान्साम्होरं. म्हणून ह्या घरची झाले.”

मुलानं मान खाली घातली. पुढं त्या विषयावर घरात चर्चा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला सगळं सांगितलं. नळ्या, घोडा, दस्ता, काजळी. त्यानं नाव सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. तो चिडला नाही, पण व्यवहारही केला नाही. त्याला रानात वापरायला बंदूक हवी होती. शेवटी दुकानानंच ती ठेवून घेतली, बोललेल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत. वहिनींनी त्या पावसाळ्यात अर्धंच छप्पर उतरलं. उरलेल्या अर्ध्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर जुने टायर ठेवले. खरं बोललं की देव भलं करतो, असं सांगायचा माझा इरादा नाही. त्या वर्षी त्यांचं माजघर गळलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तरी त्या बाईचं वाक्य मी तेव्हापासून वापरतो. शाळेतल्या दाखल्यांपासून जमिनीच्या वाटण्यांपर्यंत, जिथं जिथं ‘अस्सल’ या शब्दावरून भांडण लागतं तिथं. अस्सलपणाचा सोस फार विचित्र असतो. तो दत्तक मुलाला आयुष्यभर पावणा ठेवतो आणि घासून जुळवलेल्या नंबराला घरचा मानतो. खरं तर आपल्यातलं कोण जसंच्या तसं आहे? पडतो, मोडतो, दुसऱ्याचं काहीतरी उसनं घेऊन उभे राहतो. त्यात लाज नाही. जोड कुठं आहे ते, ज्याला आपल्यावर भार टाकायचाय त्याला आधी सांगावं, एवढंच.

मिस्त्रींची एक सवय सांगायची राहिली. ते कुठलाही भाग बदलत, तेव्हा दस्त्याच्या टाचेवरची पाटी काढून आतल्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलनं लिहीत: तारीख, काय बदललं आणि का. मग पाटी परत बसवीत. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नसे. मी एकदा विचारलं, हे कुणासाठी? ते म्हणाले, “माझ्यानंतर जो मिस्त्री ही उघडंल त्येच्यासाठी. त्येला कळाय पायजे हात कुठं लावायचा न्हाई ते.”

वहिनींच्या बंदुकीची पाटी त्यांनी काढली, तेव्हा आतलं लाकूड कोरं होतं. ज्यानं नळ्या बदलल्या त्यानं काहीच लिहून ठेवलं नव्हतं. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि लिहायला घेतलं.